पिचरचा कोणता पाय बघायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीतली मोठ्यांची रविवारची लीग, सामना अधिकृत बेसबॉल नियमांनुसार. दोन आउट, रनर एकच आणि तो तिसऱ्या बेसवर. उजव्या हाताच्या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) उजवा पाय रबरला, म्हणजे त्याच्या पायाजवळच्या पांढऱ्या पट्टीला, लावला, डावा पाय रबरच्या पुढे वीतभर टाकला. ग्लोव्ह छातीशी, चेंडूचा हात मांडीजवळ सैल. कॅचरची खूण घेतली, दोन्ही हात एकत्र आणले आणि त्याच ओघात डावा पाय उचलून चेंडू टाकला. बेस अंपायर तुम्ही. सेट पोझिशनमध्ये पूर्ण थांबावं लागतं, हा थांबला नाही, म्हणून तुम्ही बॉक (पिचरची बेकायदा हालचाल, रनरना एक बेस) दिलात. रनर आरामात घरी आला आणि मॅनेजर डगआउटमधून तावातावाने निघाला: "अहो, तो वाइंडअपमध्ये होता!" म्हणजे न थांबता एका ओघात टाकण्याच्या पोझिशनमध्ये. तुम्ही विचारताय, बरोबर कोण? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, लिहिलंय: "त्याचा मागचा पाय नीट आठवत नाही, थोडा तिरका असावा."

उत्तर त्या शेवटच्या ओळीत आहे. पाय तिरका असेल तर मॅनेजर बरोबर होता आणि बॉक चुकीचा. पाय रबरला समांतर असेल आणि पिचरने आधी काही कळवलं नसेल, तर तुम्ही बरोबर. बाकी सगळं, म्हणजे डावा पाय किती पुढे होता, हात कधी एकत्र आले, तो क्षणभर थबकला की नाही, हे त्यानंतरचं.

तुम्ही पुढचा पाय बघत होतात. राग मानू नका, मीही पहिली दोन-तीन वर्षं तेच करायचो. आपण क्रिकेट बघत वाढलेली माणसं. बॉलर धावत आला की आपली नजर आपोआप पॉपिंग क्रीझवर जाते. पुढच्या पायाची टाच रेषेच्या मागे आहे ना, हे बघायला आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही, गल्लीतल्या भांडणांनीच शिकवलेलं असतं. बेसबॉलमध्ये बॅटरकडे चेंडू टाकताना पुढचा पाय कुठे पडावा याची रेषाच नाही. लांब टाका, आखूड टाका. कायदा मागच्या पायाला बांधलेला आहे. उजव्या पिचरचा उजवा, डावऱ्याचा डावा. त्याला पिव्हट म्हणतात आणि दुसऱ्याला फ्री, मोकळा पाय. मोकळा हे नाव अगदी खरं आहे, कारण त्याला बरीच मोकळीक आहे. पिव्हटला नाही.

रबर म्हणजे काय तर पांढरी रबरी पट्टी, २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद, तिची पुढची कड होम प्लेटच्या मागच्या टोकापासून ६० फूट ६ इंचांवर. ही पट्टी खेळात मुळातून नव्हती. आधी पिचरला चौकट आखून दिलेली असायची आणि तो तिच्यात हवा तसा पाय टाकत, जवळजवळ क्रिकेटच्या रनअपसारखा, चेंडू टाकायचा. १८९३ साली चौकट गेली, अंतर आजचं झालं आणि पायाला खुंटी मिळाली. ती पट्टी तेव्हा १२ बाय ४ इंचांची होती. दोनच वर्षांनी, १८९५ मध्ये, आजच्या मापाची झाली. हा इतिहास सांगण्याचं कारण एवढंच की पिचरचा पाय एका जागी बांधला गेला तो बॅटर आणि रनर दोघांनाही अंदाज यावा म्हणून. पिचरने आता काय करायचं ठरवलंय हे त्याच्या पायांवरून कळलं पाहिजे. बॉकचे तेरा प्रकार नियमात दिलेत, त्यांतले बरेचसे या एका गोष्टीचेच अवतार आहेत: पाय एक सांगतोय आणि पिचर करतोय दुसरं.

आता पोझिशन्स. कायदेशीर दोनच, वाइंडअप आणि सेट. गंमत अशी की नियमपुस्तकात दोन्हींच्या व्याख्येत पिचर "बॅटरकडे तोंड करून" उभा असतो. प्रत्यक्षात सेटमधला पिचर बॅटरला खांदा दाखवून आडवा उभा असतो हे शाळकरी पोरालाही दिसतं, पण पुस्तकातले शब्द तसेच राहिलेत. तेव्हा शब्दशः वाचून पोझिशन ओळखायला गेलात तर फसाल.

वाइंडअपमध्ये पिव्हट रबरला लागलेला हवा, मोकळा पाय मोकळा. तो रबरवर असेल, मागे असेल, बाजूला असेल, पुढेही असेल. चारही चालतात. "पुढेही" हे नीट लक्षात ठेवा. सेटमध्ये पिव्हट रबरला लागलेला आणि मोकळा पाय रबरच्या पुढे. म्हणजे मोकळा पाय पुढे दिसला यावरून काहीच सिद्ध होत नाही, तो दोन्हींत पुढे असू शकतो. तुमच्या पिचरचा डावा पाय वीतभर पुढे होता म्हणून तुम्ही तो सेटमध्ये आहे असं धरलंत. चूक इथे झाली.

मग ओळखायचं कसं? नियमाला जोडलेल्या टिपेत उत्तर आहे, आणि ती टीप तुलनेने नवी आहे. बेसवर रनर असताना पिव्हट रबरला लागलेला आणि समांतर, शिवाय मोकळा पाय पुढे, असं असेल तर पिचर सेटमध्ये आहे असं गृहीत धरायचं. अपवाद एकच. बॅटरची पाळी सुरू होण्याआधी त्याने अंपायरला सांगितलं की मी वाइंडअपमधून टाकणार आहे, तर वाइंडअप. एकदा पाळी सुरू झाली की मध्येच मत बदलता येत नाही. फक्त बॅटिंग करणाऱ्या संघाने खेळाडू बदलला किंवा एखादा रनर पुढे सरकला, तर लगेच नव्याने कळवता येतं.

ही टीप का आली ते बघा. बेस भरलेले असतील किंवा रनर फक्त तिसऱ्यावर असेल तर पिचरला चोरीची, म्हणजे रनरने चेंडू टाकताना पळत पुढचा बेस गाठण्याची, फारशी भीती नसते. मग त्याला सेटचा थांबा नको असतो, पण सवयीची उभं राहण्याची पद्धत हवी असते. कितीतरी पिचर आता वाइंडअपही आडवे उभे राहूनच करतात, दोन्ही पाय अगदी सेटसारखे. तिसऱ्या बेसवरच्या रनरला कळेना की हा थांबणार की थेट टाकणार. अंपायरलाही कळेना. म्हणून ओझं पिचरवर टाकलं: तुला वाइंडअप हवा तर तोंडाने सांग.

तुमच्या बाबतीत हेच. पंजा तिसऱ्या बेस आणि होम प्लेटच्या मधे कुठेतरी रोखलेला, टाच रबरच्या कडेला, म्हणजे पाय तिरका. मग समांतरचं गृहीतक लागू होत नाही, तो वाइंडअप ठरतो, हात खाली असताना सुरुवात करून एका ओघात टाकलेला चेंडू कायदेशीर. बूट रबरच्या कडेला कडेने चिकटवलेला, अंगठा थेट तिसऱ्या बेसकडे, तर समांतर आणि थांबा हवाच. किती अंशांपर्यंत समांतर? कोनमापक घेऊन कोणी बसत नाही. मी बुटाचा तळवा बघतो: टाच आणि चवडा दोन्ही रबरच्या पुढच्या कडेवर बसलेत का? बसले असतील तर समांतर. एकच टेकलाय आणि दुसरा लांब गेलाय, तर तिरका. मधल्या शंकेत मी सरळ विचारतो. टाइम घ्यायचा आणि पिचरला दोन शब्द: "वाइंडअप की सेट?" यात कमीपणा काही नाही. उलट ऐन सामन्यात धाव देऊन मग स्टँडमधल्या बायका-पोरांसमोर वाद घालण्यापेक्षा ते कधीही बरं.

तुमच्या लीगमधले जुने सहकारी तुम्हाला वेगळं सांगतील, आणि ते खोटं बोलत नसतील. अमेरिकेतल्या हायस्कूल सामन्यांत कितीतरी वर्षं कसोटी मोकळ्या पायाचीच होती. रबरच्या पुढच्या कडेची रेषा दोन्ही बाजूंना मनात वाढवायची. मोकळा पाय अख्खा त्या रेषेपुढे तर सेट, रेषेवर किंवा मागे तर वाइंडअप. आणि पिव्हट वाइंडअपसारखा तिरका पण मोकळा पाय पुढे, म्हणजे हुबेहूब तुमच्या पिचरसारखं अर्धं हे अर्धं ते, त्याला हायब्रिड म्हणायचे आणि ते बेकायदा होतं. वीस वर्षं हायस्कूलचे सामने केलेला माणूस ती रेषा डोक्यातून पुसू शकत नाही. शिवाय तिथे बॉक झाला की चेंडू तिथल्या तिथे मृत होतो, आणि वाइंडअपमध्ये पाय रबरवर ठेवून बेसवर फेकता येत नाही. तुमच्या लीगच्या नियमांत, हालचाल सुरू होण्याआधी, येतं. म्हणून मैदानावर गेल्यावर माझा पहिला प्रश्न हाच असतो की आज पुस्तक कोणतं. तुमचा मुलगा लिटल लीगमध्ये असेल तर तिथला मामला आणखी निराळा: मेजर गटापर्यंत चेंडू बॅटरपर्यंत पोहोचेस्तोवर रनरने बेस सोडायचाच नसतो, त्यामुळे बॉकही नसतो. रबरही १८ बाय ४ इंचांचा, ४६ फुटांवर. पोरांचे सामने करून सरावलेला अंपायर मोठ्यांत आला की पहिल्या दिवशी गांगरतो तो यामुळेच. मी पुण्यात शाळेत सॉफ्टबॉल खेळलो होतो, माझंही तसंच झालं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू हातातून सुटेपर्यंत रनर बेसला चिकटून. पिकऑफ, म्हणजे बेस सोडून उभ्या रनरला बाद करायला पिचरने बेसकडे चेंडू फेकणं, ही भानगडच माहीत नव्हती.

पोझिशन एकदा ठरली की पुढचं तुलनेने सोपं, कारण प्रत्येक पोझिशनमध्ये पिचरला करता येतं ते मोजकंच.

वाइंडअपमध्ये चेंडू टाकण्याशी नैसर्गिकपणे जोडलेली हालचाल सुरू झाली की त्याने टाकलंच पाहिजे, मधे थांबायचं नाही, वळण बदलायचं नाही. पावलंही मोजून दिलेली: मोकळ्या पायाने एक मागे किंवा बाजूला, आणि एक पुढे. बस्स. ह्यूस्टन ॲस्ट्रोजचा लुइस गार्सिया आठवतो का? तान्ह्या बाळाला झुलवल्यासारखे हात हलवत, पाय इकडून तिकडे टाकत तो वाइंडअप करायचा. लोकांना फार आवडायचा. २०२३ च्या मोसमाआधी मेजर लीगने (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगने) सांगितलं की ही जास्तीची पावलं यापुढे बेकायदा धरली जातील, आणि त्याला ती लकब सोडावी लागली. नियम तेव्हा नवीन झाला नव्हता, फक्त कानाडोळा बंद झाला.

त्याच्या आधीचा किस्सा कार्टर कॅप्सचा. हा गडी टाकताना पिव्हट रबरवरून उचलून पुढे उडी मारायचा, तोच पाय पुन्हा जमिनीवर टेकवायचा आणि मग चेंडू सोडायचा. म्हणजे बॅटरच्या बरंच जवळून. २०१७ मध्ये नियमात स्पष्ट लिहिलं गेलं की होम प्लेटकडे दुसरं पाऊल टाकायचं नाही, पिव्हट नव्याने रोवायचा नाही. बेसवर रनर असेल तर बॉक, नसेल तर बेकायदा पिच, म्हणजे बॅटरच्या खात्यात एक 'बॉल' (पिचरचा वाया गेलेला चेंडू). लीगमध्ये तुम्हाला असा कोणी भेटेल तेव्हा एक फरक ध्यानात असू द्या. पाय जमिनीवरून घसटत पुढे येणं, मागे मातीत चर उमटणं, हे जवळजवळ सगळ्यांचंच होतं आणि त्याला काही म्हणायचं नाही. पाय हवेत जाऊन दुसऱ्या जागी रोवला गेला, तर मात्र म्हणायचं.

सेटमध्ये सगळा जीव त्या थांब्यात आहे. हात एकत्र आले, शरीरासमोर, आणि पूर्ण थांबले. रनर नसेल तर थांब्याची सक्ती नाही. फक्त बॅटर तयार नसताना घाईने टाकून त्याला गाफील पकडायचं नाही. रनर असेल तर थांबा हवाच, पण "पूर्ण" म्हणजे किती, यावर अमेरिकेत एक अख्खा मोसम वाया गेलाय. १९८७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइसचा मॅनेजर व्हायटी हर्झोग तक्रार करत राहिला की मिनेसोटाचा बर्ट ब्लायलेव्हन थांबतच नाही. पुढच्या वर्षी नियमाचे शब्द कडक केले: थांबा एकच हवा, पूर्ण हवा, डोळ्यांना दिसेल असा हवा, दोन्ही पाय जमिनीवर हवेत. परिणाम? १९८८ मध्ये मेजर लीगमध्ये ९०० हून अधिक बॉक. ओकलंडच्या डेव्ह स्ट्यूअर्टने एकट्याने १६ केले, तो विक्रम अजून त्याच्या नावावर आहे. लोक वैतागले, पुढच्या मोसमात जुने शब्द परत आले. माझं मत विचाराल तर जुने शब्द शहाणे होते. थांबा आहे की नाही हे रनरच्या जागी उभं राहून ठरवायचं असतं, घड्याळाने नाही.

तरी अगदीच सैल सोडून चालत नाही. २७ सप्टेंबर २०२२ ला न्यूयॉर्कमध्ये मार्लिन्सचा रिचर्ड ब्लायर मेट्सविरुद्ध टाकत होता. समोर पीट अलोन्सो, पहिल्या बेसवर जेफ मॅकनील. त्या एका पाळीत ब्लायरवर तीन बॉक दिले गेले, तिन्ही थांब्यावरून, आणि मॅकनील पहिल्या बेसवरून बॉकच्या पावलांनीच घरी आला. त्या दिवसापर्यंत ब्लायरच्या मेजर लीग कारकिर्दीत एकही बॉक नव्हता. मी ते फुटेज पुन्हा पुन्हा पाहिलंय. पुस्तकाप्रमाणे तिन्ही काढता येतात. पण जो माणूस वर्षानुवर्षं तसंच टाकत आला त्याला एका संध्याकाळी, एका बॅटरसमोर, तीनदा? पहिला दिल्यावर दुसऱ्यासाठी इतकी घाई मी केली नसती. आमच्या क्षेत्रात यावर दुमत आहे आणि ते राहील.

आता रबरवरून उतरण्याबद्दल, कारण माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक इथलीच. पिचरला रबर सोडायचं असेल तर पिव्हट आधी, आणि मागच्या बाजूला. मोकळा पाय आधी हलवला तर बॉक. पिव्हट मागे टेकला की तो पिचर उरत नाही, दुसऱ्या कुठल्याही इनफिल्डरसारखा होतो. वाटेल तसं फेकू शकतो, फेकायचं नाटक करू शकतो. पण त्याची किंमतही असते. रबरवर पाय ठेवून फेकलेला पिकऑफ मैदानाबाहेर गेला तर रनरला एक बेस. उतरून फेकलेला गेला तर दोन.

हे मला पाठ होतं. एका जुन्या काउंटी मैदानावर, पहिल्या बेसमागे कुंपण नव्हतं, नुसती झुडपं होती. पिचरने पहिल्या बेसकडे भिरकावलं, चेंडू झुडपांत. मी रुबाबात हात वर करून रनरला दुसऱ्या बेसवर पाठवलं. बॅटिंग संघाचा मॅनेजर, वयस्कर गृहस्थ, शांतपणे चालत आला आणि म्हणाला, "ब्लू (अंपायरला अशीच हाक मारतात), त्याचा उजवा पाय कुठे होता?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चेंडूबरोबर वळलो होतो. प्लेट अंपायरला विचारलं, त्याने पाय मागे उतरताना पाहिला होता, म्हणून रनर तिसऱ्यावर गेला. त्या दिवसापासून पिकऑफ झाला की मी चेंडू एक क्षण उशिरा बघतो. आधी टाच. चेंडू कुठे पळून जात नाही.

बेसवर फेकताना मोकळ्या पायावर बंधनं येतात. पिव्हट रबरवर असताना बेसकडे फेकायचं तर आधी त्या बेसच्या दिशेने थेट पाऊल पडलं पाहिजे. थेट म्हणजे किती? पुस्तकात आकडा नाही. आम्ही व्यवहारात ४५ अंश धरतो: पिव्हटपासून एक रेषा पहिल्या बेसकडे, एक होमकडे, त्यांच्या मधोमध तिसरी. डावऱ्याचं पाऊल त्या मधल्या रेषेच्या पहिल्या बेसकडच्या बाजूला पडलं तर ठीक, होमकडे पडलं तर बॉक. डावरे त्या रेषेवर संसार थाटून असतात. गुडघा उचलून, नजर होमकडे ठेवून, शेवटच्या क्षणी पाऊल रेषेच्या कडेला. तुम्ही प्लेटमागे असाल तर हे तुम्हाला बेस अंपायरपेक्षा चांगलं दिसतं. आणि दोन्ही अंपायरना बॉक देण्याचा अधिकार सारखाच आहे, हे नव्या लोकांना माहीत नसतं.

आणखी एक पायाचं. मोकळा पाय झुलवताना तो रबरच्या मागच्या कडेपलीकडे गेला, तर पिचरला दोनच वाटा उरतात: होमकडे टाक, नाहीतर दुसऱ्या बेसवर पिकऑफ कर. पहिल्याकडे फेकलं तर बॉक. उजव्या पिचरच्या उडी मारून वळण्याला लोक उगाच ओरडतात. पायांची हालचाल एकदम झाली आणि डावा पाय पहिल्या बेसच्या दिशेने अंतर कापून पडला, तर ते कायदेशीर आहे. फक्त फेकलंच पाहिजे. रबरवरून पहिल्याकडे नुसतं नाटक नाही. तिसऱ्याकडचं नाटक २०१३ पर्यंत चालायचं, तिसऱ्याकडे पाऊल टाकून गर्रकन पहिल्याकडे वळायचं, ते त्या वर्षी बंद झालं. दुसऱ्याकडचं अजून चालतं.

मेजर लीगमध्ये २०२३ पासून एका बॅटरच्या पाळीत दोनदाच रबर सोडण्याची किंवा पिकऑफची मुभा आहे, तिसऱ्यांदा केलं आणि रनर आउट झाला नाही तर बॉक. टीव्हीवर बघून खेळाडू तुम्हाला ते सांगायला येतील. तुमच्या लीगने लेखी स्वीकारलं नसेल तर सोडून द्या.

उभं कुठे राहायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या चुकीचं अर्धं मूळ तिथे आहे. दोन अंपायर असताना रनर तिसऱ्यावर असेल तर तुमची जागा माउंडच्या (पिचरच्या उंचवट्याच्या) मागे, तिसऱ्या बेसच्या बाजूला. तिथून उजव्या पिचरचं तोंड आणि छाती तुमच्याकडे असते, ग्लोव्ह नेमका डोळ्यांत भरतो, म्हणून नजर हातांवर अडकते. पायासाठी मुद्दाम खाली बघावं लागतं. मी एक क्रम लावून घेतलाय. पिचर रबरवर आला की आधी पिव्हट, तिरका की समांतर, आणि मनात एक शब्द बोलून टाकायचा: "सेट" किंवा "वाइंडअप". तो कॅचरची खूण वाचतोय तेवढा वेळ पुरतो. मग नजर वर, हातांवर. हात एकत्र आले, थांबले, पुन्हा खाली टाचेवर. हे सगळं जेमतेम तीन सेकंदांचं काम आहे आणि पन्नासेक पिचनंतर ते आपोआप व्हायला लागतं.

रविवारच्या मैदानांवर एक अडचण येईल, तीही सांगून ठेवतो. रबरच्या पुढे, उजव्या टोकाशी, स्पाइक्सनी खणून खणून खड्डा पडतो. सातव्या इनिंगपर्यंत तो चांगला तळहातभर खोल होतो, पाऊस पडून गेला असेल तर चिखलाने भरतो. पिचर पाय खड्ड्यात घालतो आणि रबर राहतं वर, बुटाच्या कडेशी. लागलाय की नाही हे मागून कळत नाही. लागलेला असला की पुरे, अख्खा पाय रबरवर असण्याची गरज नाही. सामन्याआधी दोन्ही मॅनेजरांकडून खड्डा भरून, पायाने दाबून घ्या. इनिंगच्या मधे पुन्हा. तरी बोटभर अंतर राहिलं तर मी स्वतः त्यावर बॉक देत नाही, कारण त्यातून पिचरला काही मिळत नाही. पण तो मुद्दाम अर्धा फूट पुढे सरकून टाकत असेल, तर पहिल्यांदा कॅचरमार्फत निरोप, दुसऱ्यांदा निर्णय.

शेवटी तुमचा जोडप्रश्न: बॉक ओरडल्यावर चूक लक्षात आली तर मागे घेता येतो का? तुमच्या नियमांत बॉकनंतर चेंडू टाकला गेला तर खेळ लगेच थांबत नाही. बॅटर आणि सगळे रनर त्या पिचवर किमान एक बेस पुढे गेले तर बॉक विसरायचा, नाहीतर टाइम आणि रनरना एक बेस. पण तुमच्या ओरडण्याने बॅटरचा हात थबकला, कॅचर उठून उभा राहिला. ते परत जोडता येत नाही. प्लेट अंपायरला बाजूला घेऊन, पाय तिरका होता हे त्याने पाहिलं असेल, तर रनरला तिसऱ्यावर परत पाठवून ती पिच धरायची नाही, एवढंच करता आलं असतं, आणि तेव्हा दुसरा मॅनेजर आला असता. म्हणून बॉक दिसल्यावर अर्धा श्वास घ्या आणि मग तोंड उघडा. खराखुरा बॉक अर्ध्या श्वासात खोटा होत नाही.

त्या पिचरचा संघ पुन्हा तुमच्याकडे आला, तर प्लेटपाशी लाइनअप कार्ड घेताना त्याच्या मॅनेजरला एवढंच विचारा की तुमचा उजवा पिचर रनर तिसऱ्यावर असताना कसा उभा राहतो. तो हातवारे करून दाखवेल, बहुतेक स्वतःचा बूटही पुढे करेल. तेव्हा बुटाकडे बघा.